तीन बोटं उंच

"आवं, चहा निवतोय. सणाच्या दिवशी तरी त्या गाडीखालनं बाहेर या," मालनने व्हरांड्यातून हाक मारली.

हिंदुरावांचे फक्त पायच दिसत होते. त्या पायांनी "आलो" असं कळवलं आणि जागचे हलले नाहीत. पांढरी मारुती लाकडी ठोकळ्यांवर चढून बसली होती, पुढचं एक चाक भिंतीला टेकवलेलं होतं आणि सगळ्या सोडाला वस्तीतल्या गच्च्यांवरून पतंग कापल्याचा "वो काटा" चा गजर चालला होता. जयपुरात संक्रांतीला माणसं जमिनीवर राहतच नाहीत. सुभेदार हिंदुराव जगदाळे मात्र तेवढे जमिनीवर, तेही पाठ टेकून.

फौजेत सारा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. शेवटची बदली जयपूरची. पेन्शन आल्यावर साताऱ्याकडे जायचं, जायचं म्हणता म्हणता इथंच घर झालं आणि फौजेची शिस्त घरात येऊन राहिली. चहा ठरल्या वेळी, दाढी ठरल्या वेळी, आणि गाडी कायम 'तयार'. म्हणजे मागच्या सीटवर अवजारांची लोखंडी ट्रंक, पाण्याचे दोन मोठे डबे, बिस्तरा, दोरखंड आणि वाळूत चाक रुतलं तर लागतील म्हणून दोन फळ्या. युद्ध कुठं पेटायचं हे काही ठरलं नव्हतं, पण पेटलंच तर सुभेदार भाजीला जाता जाता तिकडे वळू शकले असते. मालन यावर खूप बोलून थकली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती गच्चीवरचे पापड काढून आणताना जिन्यात पडली. हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकायचा तो वाकेना. काठी घेऊन घरभर हिंडायची, स्वयंपाकही उभ्याने करायची. अडचण आली ती दसऱ्याला. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला निघाले, तर तिला गाडीत बसता येईना. मूळची बुटकी, त्यात एक पाय ताठ. पाठमोरी होऊन टेकायला गेली की सीट तीन बोटं उंच पडायची. शेवटी हिंदुरावांनी आणि शेजारच्या नंदकिशोरजींनी मिळून तिला उचलून आत ठेवलं. मंडळाच्या दारात पुन्हा तसंच उतरवलं. नऊवारीचा काठ गुडघ्याच्या वर गेला आणि ओळखीच्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणी हसलं असतं तर मालनने चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. त्यांनी माना खाली घातल्या, ते तिला सोसलं नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी काय ज्वारीचं पोतं न्हाई. माझी मी बसंन त्या दिवशी बाहेर पडंन." तेव्हापासून तिने फाटक ओलांडलं नव्हतं. दिवाळी गेली, हुरड्याचे दिवस गेले. हिंदुराव तिला एका शब्दानेही बोलले नाहीत. एका सकाळी त्यांनी एका काठीवर तिची टेकायची उंची आणि गाडीच्या सीटची उंची अशा दोन खुणा केल्या आणि चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका स्प्रिंगवाल्याकडे गेले. त्याच्याकडून चारही चाकांच्या स्प्रिंगा बुटक्या वळवून आणल्या. गाडी खाली आली की सीट खाली येणार, इतका साधा हिशेब होता.

गल्लीत मात्र वेगळाच बोभाटा झाला. गाडी खाली बसवायची हौस तेव्हा सी-स्कीममधल्या श्रीमंतांच्या पोरांना असायची.

"सूबेदार साहब, इस उमर में रेस लगाओगे?" नंदकिशोरजींनी विचारलं होतं.

"शौक है," हिंदुराव म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर गल्लीने हळहळ केली असती, आणि मालनला हळहळ नको होती. म्हातारपणी चळ लागला हे गल्लीचं मत त्यांनी मुकाट पदरात घेतलं. व्हरांड्यात बसून मालन ते ऐकत होती. त्या रात्री तिने त्यांच्या ताटात तुपाची धार जरा जास्त सोडली.

तीन चाकं कालच झाली होती. आज शेवटचं. संध्याकाळी मंडळात हळदीकुंकू होतं आणि तिने पैठणी काढून खुर्चीवर ठेवली होती. नेसेन असं म्हणाली नव्हती, नुसती ठेवली होती.

चहा घशाखाली घालून हिंदुराव कामाला लागले. जुनी स्प्रिंग तिच्या नळकांड्यासकट बाहेर काढून फरशीवर ठेवली होती. तिला दोन्ही बाजूंनी शिकंजे, म्हणजे स्क्रूने आवळायचे चाप, लावून दाबायची, मग वरचा नट सोडायचा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्याचं तोंड शाबूत ठेवत नाही. म्हणून वर्कशॉपचा कायदा असा की एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच हात लावायचा. नंदकिशोरजी जन्मभर कचेरीत बसलेले, पण या कवायतीत ते कालपासून रमले होते.

"बायाँ आधा चक्कर."

"बायाँ आधा चक्कर," म्हणून ते पाना फिरवत.

"दायाँ आधा चक्कर."

तेवढ्यात एक कटलेला पतंग गिरक्या घेत अंगणात उतरला. नंदकिशोरजींची नजर वर गेली, तोंड बंद राहिलं आणि हात मात्र फिरला, तोही पुन्हा डाव्याच शिकंज्यावर. कट् असा आवाज झाला. एक शिकंजा बोटभर घसरला आणि स्प्रिंग वाकडी झाली.

"हात निकालो," हिंदुराव हळूच म्हणाले.

"हात निकाला," नंदकिशोरजी म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता.

व्हरांड्यात मालन काठी न घेताच उभी राहिली होती. हिंदुरावांनी मान एका बाजूला घेतली, श्वास रोखला आणि उजवा शिकंजा थोडा थोडा करून कसत आणला. स्प्रिंग सरळ झाली. नट सुटला. जुनी स्प्रिंग हलके हलके मोकळी होऊन फरशीवर आडवी पडली, तेव्हा तिघांनीही एकदमच श्वास सोडला. नंदकिशोरजींनी रामाचं नाव घेतलं.

"तुमच्या तोंडाला काय झालं असतं म्हंजे?" मालन ओरडली. "मला न्हाई गाडीत बसायचं. घरात काय वाईट हाय?"

"घरात काय बी वाईट न्हाई," हिंदुराव म्हणाले. "पर माझ्यानं एकट्यानं मंडळात जाववत न्हाई."

मालन खाली बसली आणि कितीतरी वेळ तिळाच्या लाडवांच्या डब्याची उगाच उघडझाप करत राहिली.

नवी स्प्रिंग बुटकी, ती बसायला फारशी कुरकुरली नाही. उन्हं कलायच्या आत चाक चढलं, ठोकळे निघाले आणि गाडी जमिनीवर आली. मालनने पैठणी नेसली. काठी टेकत गाडीशी आली, पाठमोरी झाली आणि टेकायला गेली.

सीट अजूनही उंच होती. एक बोट, पण उंच.

मालन दाराला धरून तशीच उभी राहिली. हिंदुरावांनी खुणांची काठी लावली, काढली, पुन्हा लावली. त्यांचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांत माप कधी चुकलं नव्हतं आणि चुकायचं तेव्हा नेमकं इथं चुकलं.

"आता नव्या वळवायच्या म्हंजे..." त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"थांबा जरा," मालन गाडीच्या मागच्या खिडकीतून आत बघत होती. "माप घेतलं तवा गाडी अशीच मोकळी हुती?"

"म्हंजे?"

"तुमची ट्रंक कुठंय? पाण्याचं डबं? ते फळ्यांचं सामान?"

हिंदुरावांनी व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. काम करताना गाडी हलकी असावी म्हणून काल सगळं उतरवून तिथं रचून ठेवलं होतं. माप घेतलं त्या सकाळी गाडी नेहमीप्रमाणे युद्धाला तयार होती, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. चोवीस तास लादलेल्या गाडीला ते रिकामी समजत आले होते.

"जन्मभर बोलले मी त्या पसाऱ्याला," मालन म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. दसऱ्यानंतर ती अशी हसली नव्हती. हिंदुरावांच्या छातीवरचं ओझं त्या हसण्याबरोबर उतरलं. ट्रंक आत गेली, डबे गेले, बिस्तरा गेला. गाडी हळूहळू मागून खाली बसत गेली आणि सीट काठीवरच्या खुणेला येऊन टेकली.

हे सगळं बघताना नंदकिशोरजींना काय उमगायचं ते उमगलं. खुणांच्या काठीकडे आणि मालनच्या ताठ पायाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "भाभीजी, मेरी पतंग ऊपर अकेली है," आणि मागे न बघता आपल्या घरात निघून गेले.

मालन पुन्हा पाठमोरी झाली. हिंदुरावांचा हात आपोआप पुढे आला.

"तुम्ही बी पाठ करा," ती म्हणाली.

सुभेदारांनी टाच वळवली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे काठी गाडीला टेकली. पैठणी सळसळली. मग काहीच ऐकू येईना, आणि त्यांनी हाताच्या मुठी वळल्या. वळून बघायचं नाही एवढंच ते स्वतःला बजावत होते. स्प्रिंगा बारीक करकरल्या. ताठ पाय दाराच्या पत्र्याला एकदा लागला, थांबला, पुन्हा उचलला गेला. मालनने दीर्घ श्वास घेतला आणि आतून दार ओढलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही. तिने ते उघडून पुन्हा जोरात लावलं.

"चला की," ती म्हणाली. "का भिंतीपाशीच हळदीकुंकू हाय?"

"आलो," हिंदुराव म्हणाले. पण त्यांना लगेच वळता येईना. डोळे पुसायला रुमाल हवा होता आणि हात ग्रीसने माखलेले होते. मनगटाने जमेल तेवढे डोळे पुसून घेईपर्यंत ते तसेच, भिंतीकडे तोंड करून, सावधान उभे राहिले.