माझं तोंड खाली आहे

मित्रांनो, उजनी धरणाच्या फुगवट्यावर राजेसाबांच्या होडीला मागे जी जुनी मोटर टांगलेली दिसते, ती मी. चालताना माझ्या मागच्या अंगाने पाण्याची एक बारीक धार पडत असते. होडीत बसणारे तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, मोटर गळते. बावीस वर्षं मी हे ऐकते आहे, तेव्हा एकदाच नीट सांगते. मी गळत नाही. माझी तब्येत बरी आहे हे कळवण्याची माझ्याकडे तेवढी एकच रीत आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पहिली अकरा वर्षं मी रत्नागिरीकडे मासेमारीच्या होडीवर काढली. तिथे काम संपलं की मला गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून पाच मिनिटं चालवत, म्हणजे आतलं मीठ धुऊन जाई. तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

मग राजेसाबांनी मला इकडे आणलं. राजेसाब मुळात शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणारे. पंचक्रोशीत त्यांचा हात नावाजलेला. त्यांनी मला पहिल्या झटक्यात चालू केलं तेव्हा काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

माझं काम समजून घ्या. आत पेट्रोल जळतं, त्याने माझं डोकं तापतं. ते गार ठेवण्यासाठी मी ज्या पाण्यात उभी असते तेच पाणी पिते. पाण्यात बुडालेल्या माझ्या पायावर दोन्ही बाजूंना बारीक फटी आहेत. ते माझं तोंड. त्याच्या वर सहा पात्यांचं एक छोटं रबरी चाक असतं. ते पाणी वर ढकलतं, पाणी डोक्याभोवती फिरून खाली जातं आणि त्यातलं थोडं, लोकांना दिसावं म्हणून, धारेतून पडतं. धार बारीक झाली तर आधी तीन जागा पाहायच्या. धारेचं भोक, रबरी चाक आणि तोंड. तीनच. यात अवघड काय आहे?

यंदा होळीनंतर माझी धार बारीक झाली.

राजेसाबांनी भोकात तार घातली. ते ठीक होतं, पण भोक स्वच्छच निघालं. मग कोंडीबा नावाचे एक शेतकरी, जे रोज होडीने पलीकडे जातात, त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल वाढवायला सांगितलं. मी धूर ओकू लागले. फाट्यावरचा मोटारसायकल मेकॅनिक मोईन आला, त्याने प्लग बदलला आणि माझं वय झालं असं जाहीर केलं. शेवटी, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवावी तसं माझ्या डोक्यावर ओलं पोतं टाकण्यात आलं. मित्रांनो, ताप आत होता.

आणखी एक गोष्ट मला कधीच कळली नाही. शेतातला पंप कोरडा चालवला तर राजेसाब मालकाला चारचौघांत झापतात. पण मला मात्र ते रोज सकाळी काठावर, पाण्याबाहेर, चालू होते का म्हणून दोन मिनिटं चालवत. पाण्यावाचून माझं रबरी चाक घासून जळत होतं.

मग तो दिवस आला. साखर कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता. पलीकडच्या वस्तीवर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, करून राहिलेली ऊसतोड कामगारांची टोळी दुपारी गाव सोडणार होती. त्यांच्या अकरा बाळांना लस द्यायची राहिली होती. टोळी एकदा पांगली की ती बाळं कुठल्या गावात शोधायची? उपकेंद्रातली नर्स आयेशा लशींचा निळा डबा घेऊन होडीत बसली. रस्त्याने दोन तासांचा वळसा होता, माझ्यावर वीस मिनिटं.

पाण्याच्या मध्यावर माझी धार थांबली. राजेसाबांनी मला घाईने बंद केलं. होडी वाऱ्याबरोबर भलतीकडे जाऊ लागली. बाजाराला निघालेल्या सारजाबाई म्हणाल्या, "राजेसाब, तुजी मोटर आन माजा म्हातारा सारकंच की. आवाज लई, पोचत कुटंच न्हाय."

राजेसाब पुन्हा तार शोधू लागले. आयेशाने इतका वेळ सगळं पाहिलं होतं. तिने विचारलं, "चाचा, पाणी बाहेर कुठून पडतं ते कळलं. आत कुठून येतं?"

मी कितीतरी दिवस या एका प्रश्नाची वाट पाहत होते.

राजेसाबांनी मला तिरपं करून माझा पाय वर काढला. तोंडावर मच्छरदाणीची जाळी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर शेवाळाचा जाड थर बसला होता. जाळी दिवाळीत त्यांनीच बांधली होती.

"पंपाच्या फूटव्हॉलला, पान्यातल्या पायपाच्या तोंडाला, बांदतो की आपण," ते म्हणाले. "तशीच बांदली, बेटा. आत घाण जाऊ नये म्हणून. काडली तर घाण जाईल."

"आता घाणही जात नाही आणि पाणीही जात नाही," आयेशा म्हणाली आणि तिने पिशवीतली कात्री काढली.

माझं डोकं निवायला वीस मिनिटं गेली. मग धार आली, पण अर्धीच. जळक्या चाकाकडून तेवढंच होत होतं. राजेसाबांनी मला हळू चालवलं, थोडं वल्हंही मारलं. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर चालू होऊन उभा होता. मुकादम बिरुदेवांनी तो थांबवला. आयेशा ट्रॉलीत चढली आणि भांड्याकुंड्यांमध्ये बसूनच तिने लशी दिल्या. नऊ झाल्या.

"दोन कमी आहेत," ती म्हणाली. "कुठं गेली?"

टोळीचा पहिला ट्रॅक्टर त्या दोघांना घेऊन पंचवीस मिनिटांपूर्वी गेला होता. आयेशाने त्या दोन्ही आयांची नावं लिहून घेतली, बिरुदेवांकडून त्यांचे फोन नंबर घेतले आणि तिथूनच फोन लावत राहिली. काठावर बांधलेल्या मला पुढचं ऐकू आलं नाही.

मित्रांनो, कोणी माझं वाईट चिंतलं नव्हतं. जाळीसुद्धा मायेनेच बांधली होती. म्हणून माझं मागणं लहानसं आहे. यंत्र तापलं तर औषध सुचवण्याआधी वाका आणि त्याचं तोंड उघडं आहे का ते पाहा. तुटलेला भाग बदललात, तर जुन्याचे तुकडेही मोजा; आत राहिलेला तुकडा पाण्याची वाट पुन्हा अडवतो.

चार दिवसांनी मोईनने पुण्याहून नवं चाक आणलं. ते बसवल्यावर धार चांगली जाड पडली. काठावर सगळ्यांना आनंद झाला. राजेसाब मात्र जुनं चाक तळहातावर घेऊन पाती मोजत होते. सहातली चारच होती. त्यांनी मला बंद केलं, डोक्याचं झाकण उघडलं आणि पाण्याच्या वाटेत चिमटा घालून अर्ध्या तासाने रबराचं एक काळं पातं बाहेर काढलं.

सारजाबाई पिशवी घेऊन खोळंबल्या होत्या. "घावलं न्हवं? मग लाव की झाकण."

"दोन हायत," राजेसाब म्हणाले आणि त्यांनी चिमटा पुन्हा आत घातला.