नुसतं ‘काढली’

घरामागच्या शेडमध्ये त्या कुटुंबाचा सोफ्यांचा कारखाना होता. तिथे पिना मारायची हवेची गन आली आणि थोरल्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं लाकडी सांगाड्यावर कापड ताणून चुका, म्हणजे ते बारीक खिळे, ठोकायच्या त्या थोरलीने. ओठांत चुका धरून, हातोडीने. त्यात तिचा हात कोणी धरला नसता. आणि सासऱ्यांनी गन दिली कोणाच्या हातात, तर काल आलेल्या धाकटीच्या.

धाकटी काम छान करायची, हेच खरं दुखणं होतं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवायचा, गनचं तोंड लाकडावर पक्कं टेकवायचं, मगच चाप ओढायचा. खट् खट् खट्, की बैठक तयार. गिऱ्हाइकं उभी राहून बघायची. थोरलीची हातोडी बघायला कधी कुत्रंही थांबलं नव्हतं.

सासऱ्यांनी एक नियम दोघींकडून घोकून घेतला होता. गन खाली ठेवली की हवेची नळी काढायची, आणि दुसरीने ती उचलण्याआधी विचारायचं, “नळी काढली का गं?”

थोरलीने हळूहळू त्यातही काटकसर केली. आधी ‘गं’ गेला. मग ‘का’ गेला. मग नळीही गेली. कशाला उगाच हिच्याशी चार शब्द जास्त बोला? आता ती नुसतं “काढली?” म्हणायची. धाकटी “काढली” म्हणायची आणि भागायचं.

त्या दुपारी थोरलीला सोफ्याच्या कोपऱ्यात एक पिन वाकडी गेलेली दिसली. तिला मनातून इतका आनंद झाला की तो लपवायला तिने पदराने तोंड पुसलं.

“ती पिन वाकडी गेलीय. काढ.”

धाकटीने गन टेबलावर ठेवली आणि पक्कड घेऊन ती कोपऱ्यात वाकली. आता त्याच जागी सरळ पिन मारून दाखवते हिला, थोरलीच्या मनात आलं.

“काढली?” तिने विचारलं.

“काढली,” धाकटी पाठमोरीच म्हणाली. वाकडी पिन तिच्या पकडीत होती.

थोरलीने डाव्या हाताने गनच्या तोंडाशी धरून ती उचलली. उजव्या हाताचं बोट सवयीने हातोडीच्या दांड्यावर आवळावं तसं चापावर आवळलं गेलं. खट्.

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पिन डाव्या अंगठ्यात पार रुतली होती. धाकटीने धावत येऊन आधी नळी उपसली, मग तिचा हात धरला, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी सासऱ्यांनी दोघींना समोर बसवलं. “नळी न काढता गन खाली कोणी ठेवली?”

थोरलीने फक्त बोट दाखवायचा अवकाश, गन धाकटीच्याच हातातली होती. पण तेवढ्यात धाकटी म्हणाली, “मी ठेवली, बाबा. चूक माझी.”

सासऱ्यांचा चेहरा निवळला. “कबूल केलंस, यातच सगळं आलं. मोठ्या मनाची आहेस.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अंगठा फुटला आपला, आणि कौतुक तिचं. पिना तिच्या, गिऱ्हाइकं तिची, आता चूकही तीच पळवणार.

“तिची कसली चूक?” थोरली फणकारली. “मी अर्धंच विचारलं. नळीचं नावसुद्धा घेतलं नाही.”

“का?” सासऱ्यांनी विचारलं.

“हिच्याशी बोलायला नको म्हणून. जळते मी हिच्यावर. झालं समाधान?”

धाकटी मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत राहिली. सासरे चष्मा पुसत उठले. गन आता कोणाकडे राहणार, ते त्यांनी सांगितलंच नाही.

सकाळी धाकटी कामाला लागली होती. ती गन ठेवून कात्री घ्यायला वळली, तेव्हा थोरली टेबलापाशी आली. पट्टी बांधलेला हात तिने पाठीमागे धरला होता.

“नळी काढली का गं?”

“काढली, ताई.”

“काय काढली?”

धाकटीने वळून नळीचं सुटं टोक तिच्या चांगल्या हातात दिलं.