पुठ्ठ्याच्या पोटातलं नाव

चैत्राची दुपार. कृष्णेचं पात्र आक्रसलेलं, घाटाच्या पायऱ्या तापलेल्या, आणि काठावरच्या जुन्या वाचनालयात धूलिधूसर, अर्धनिद्रित ऊन. कपाटांच्या काचांवर ऊन, वर्तमानपत्रांवर ऊन, शर्वरी गद्रेच्या अस्वस्थ बोटांवर ऊन. तिला मात्र आतून थंडी वाजत होती.

शर्वरी भयकथांचा माग काढते. कोणती कथा कोणत्या मासिकात, कोणत्या महिन्यात प्रथम अवतरली, मग कोणकोणत्या संग्रहांत शिरली, याचा माग. भुतांची वंशावळ म्हणा ना! पंचवीस वर्षं भुताखेतांत काढली, पण भुताला ती कधी भ्यायली नाही. आज भ्यायली होती एका पत्राला.

पत्र इचलकरंजीचं. अक्षर कापरं, एक्याण्णव वर्षांचं. "'ओलं जोतं' ही कथा माझी आहे. १९५४ साली 'दीपमंजिरी'त आली होती. अंक माझ्यापाशी नाही. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. डोळे मिटायच्या आत एकदा शोधून सांगाल का? – सत्यभामा पेंढरकर."

'ओलं जोतं'! कोरड्याठाक उन्हाळ्यात रोज पहाटे जोत्यावर ओली पावलं उमटतात, त्या घराची निःशब्द, नीलकृष्ण, काळीज गोठवणारी कथा. चार संग्रहांत ती आहे, आणि चारही ठिकाणी दिवंगत भयकथाकार भडकमकरांच्या नावावर. त्यांच्या नावावर ती चढवली कुणी? शर्वरीनेच. पंधरा वर्षांपूर्वी, एका लेखाच्या तळटीपेत: शैलीवरून ही भडकमकरांची असावी. पुढच्यांनी डोळे मिटून ते उतरवून घेतलं. आता पाचवा संग्रह खुद्द तिचा होता आणि सोमवारी छपाईला जायचा होता.

'दीपमंजिरी'ची रीत मोठी विचित्र. कथेवर नाव नाही. नावं फक्त मुखपृष्ठामागच्या अनुक्रमणिकेत. आणि वाचनालयांची रीत अशी, की सहा अंकांचा खंड बांधताना मुखपृष्ठं फाडून टाकायची. तिने गावोगावचे खंड पालथे घातले होते. सगळे नीटस, सगळे निनावी.

ग्रंथपाल हर्डीकरांनी इथला खंड तळहातावर तोलला. "बाई, आमचा बाइंडर भारी चिक्कू माणूस. फाडलेलं टाकायचा नाही. खळ लावून पुठ्ठ्यातच थापायचा. पण बघायचं तर खंड उसवावा लागेल."

"उसवायचा?" तिने खंडाच्या पाठीवर हात ठेवला.

"मीच उसवतो. दुसऱ्याने उसवलेला मला बघवायचा नाही."

ओला बोळा फिरू लागला. खळ फुगली, कागद सुटू लागला. थरामागून थर. केशतेलाची सुकेशिनी निघाली, खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली, कुणा वैद्यराजांच्या मिशा निघाल्या. शर्वरी प्रत्येक कागदावर वाकून बघत होती. भडकमकर निघाले तर आजी खोट्या. आजी निघाल्या तर आपण एका जित्याजागत्या बाईचं नाव गिळलं. काहीच निघालं नाही तर? क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की भडकमकरच निघावेत. मग तिची तिलाच लाज वाटली.

हर्डीकरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद तिच्याकडे फिरवला.

गंजवर्णी, जीर्ण, ओलेता कागद. त्यावर बारीक टायपात, ठिपक्यांच्या रांगेपलीकडे, सत्तर वर्षं अंधारात निजलेली अक्षरं: ओलं जोतं – सौ. सत्यभामा पेंढरकर.

तिने तिथूनच इचलकरंजीला फोन लावला. सूनबाईंनी उचलला. "आईंना हल्ली भास होतात हो. तुम्ही मनावर घेऊ नका."

"जरा त्यांना द्याल का फोन?"

खरखर, कण्हणं, मग एक क्षीण "कोण?"

"आजी, मी शर्वरी गद्रे. अंक सापडला. तुमचंच नाव आहे. चूक माझी होती, आजी. सोमवारी कथा तुमच्या नावानेच छापली जाईल."

पलीकडे खाट करकरली.

"म्हणजे मी लिहिली होती," आजी म्हणाल्या. "सगळे म्हणायचे, भास आहे, भास आहे. शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं गं. काय छापलंय ते वाच."

तिने वाचलं.

"मोठ्यानं वाच. सुनेला ऐकू जाऊ दे."

शर्वरी उठून उभी राहिली. भर वाचनालयात, 'शांतता राखा'च्या पाटीखाली, ती कंठ मोकळा करून वाचू लागली. ओलं जोतं, सौ. सत्यभामा पेंढरकर. एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. हर्डीकर पाटीकडे पाठ करून उभे राहिले. उन्हात धूळ तरंगत होती, ओला कागद हळूहळू वाळत होता, आणि पलीकडून एक कापरा आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अजून एकदा, बाळ. अजून एकदा."