स्टेशनाबाहेरची अमानत

स्टेशनाबाहेर आमची सामान सांभाळायची खोली आहे. पाटीवर अरबी लिपीत एकच शब्द: अमानत. अरब वाचतो, इराणी वाचतो, उर्दूवालाही वाचतो आणि बिनधास्त बॅगा आणून ठेवतो. मला ती लिपी येत नाही, पण धंदा तिच्यावरच चालतो.

त्या आठवड्यात पाटी पुन्हा रंगवायला घेतली होती. रंगारी म्हातारा, ब्रशापेक्षा तोंडच जास्त चालायचं. शिडीवरून म्हणाला, "अरबीत याचा अर्थ सचोटीही होतो. फारसीत वाचनालयातून पुस्तक नेलं तरी अमानतच. उर्दूत दुसऱ्याची सांभाळलेली ठेव. मूळ मात्र एकच, निर्धास्त असणं. इमानसुद्धा त्यातलंच."

"ठेवणारा निर्धास्त. आणि सांभाळणाऱ्याचं काय?" बायकोनं विचारलं. रंगाऱ्याला ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, वारला तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती. बायकोच्या भावजयीला परदेशात नर्सची नोकरी मिळाली आणि पोर आमच्याकडे राहिली. घरभर फिरते म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता सात वर्षांची झाली होती, मला आतोबा म्हणायची आणि माझंच काही चालू द्यायची नाही. आम्हाला मूलबाळ नाही. भावजयीनं तिकडे घर घेतलं होतं आणि ती पोरीला न्यायला येत होती. बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"भिंगरीच नाही म्हणाली तर?" तिनं मला विचारलं.

"ठेव कितीही वर्षं राहिली तरी फळीची होत नाही," मी म्हणालो. मोठा शहाणाच मी.

भावजय गाडीतून उतरली ती थेट काउंटरवर आली. भिंगरी शाळेत होती. "ताई, न्यायला आले," ती म्हणाली.

पावती हरवलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही एकच प्रश्न विचारतो. बरोबर उत्तर आलं की बॅग द्यायची. बायकोनं काउंटरवर हात टेकले आणि सवयीनं तोच प्रश्न तिच्या तोंडून निघाला. "आत काय आहे, सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावजय मात्र रागावली नाही. "केस कुरळे," ती सांगू लागली. "हसली की डाव्या गालाला खळी पडते. झोपताना माझं बोट धरायची." मग ती अडखळली. "पुढचं मला माहीत नाही, ताई. फोनवर दिसतं तेवढंच."

बायको तोंडाची फटकळ. इथे एक शब्द टाकला असता तर ती जिंकली असती. तिनं काउंटरची फळी उचलली, भावजयीला आत घेतलं आणि स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

"आता बोट नाही, उशीचं टोक धरते. अंधाराला भीत नाही, पण कुणी भांडलं की पलंगाखाली जाते. ओढून काढू नकोस, शेजारी जमिनीवर बस, आपण होऊन येते. खोटं बोलताना नाक खाजवतं तिचं. सकाळी पहिली दहा मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही."

"हळू सांगा," भावजय म्हणाली. दोघी रडत होत्या, आणि मी उगाच बॅगांवरची धूळ पुसत होतो.

शाळा सुटायची वेळ झाली. बायकोनं डोळे पुसले. "जा, फाटकापाशी उभी राहा. सुटली की धावतच येते."

"तुम्ही चला ना."

"मी नाही येत. मी दिसले तर ती माझ्याकडेच धावेल."