भिंगरीचे चौदा प्रश्न

खाण्याच्या विकारावर उपचार करणाऱ्या त्या वॉर्डात दर बुधवारी प्रश्नवाली बाई फॉर्म घेऊन यायची. ‘गेल्या आठवड्यात व्यायाम किती वेळ केला?’ वॉर्डात व्यायामाला बंदी होती; भिंगरी लिहायची, शून्य. सलग सहा बुधवार शून्य, आणि लिहिताना चेहरा असा, की जणू ती त्या गावचीच नाही.

भिंगरी हे नाव तिच्या ताईने ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. जेवण झालं की तर नाहीच. बसलं तर आपलं काहीतरी भयंकर होईल, ही भीती तिच्या मानगुटीवर कायम. मग पेलाभर पाण्यासाठी दहा फेऱ्या, शेजारणीच्या चादरीची घडी घालायला धाव, ताईशी फोनवर बोलणं तेही येरझाऱ्या घालत. याला व्यायाम कोण म्हणेल? मदत म्हणतात! नर्सबाई तर तिच्यावर खूश होत्या.

आता सातवं शून्य आलं, की शनिवार-रविवार घरी जायची रजा मिळणार होती. घरी ताईचं महिन्याभराचं बाळ होतं, आणि भिंगरीमावशीने त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

पण या बुधवारी बाई फॉर्म न देताच खुर्चीत मटकन बसली.

“माझा फॉर्म कुचकामी आहे गं. वॉर्डात सगळ्यांचं शून्य, आणि डॉक्टर म्हणतात, फरशा झिजल्या!”

भिंगरीला तिची दया आली. शिवाय खरं सांगायचं तर सहा आठवडे इतकी सफाईदार थाप मारूनही कुणी वाहवा केली नाही, हे तिला खुपतच होतं.

“द्या इकडे. आधी तो ‘व्यायाम’ शब्द काढा, त्याला कोण सापडणार? जेवल्यावर बसायला सांगितलं तर काय वाटतं, ते विचारा. दुसऱ्याचं काम ओढून घेता का? ते कुणी काढून घेतलं तर राग येतो का? आणि मिनिटं मोजू नका, बाई. मिनिटं कुणीही खोटी सांगतं. थांबता येतं का, ते विचारा.”

बाई भराभर लिहीत होती. चौदा प्रश्न झाले. एकही पळवाट उरली नव्हती; भिंगरीने जातीने लक्ष घालून सगळ्या बुजवल्या होत्या.

“झकास,” म्हणत बाईने कागद तिच्यापुढे सरकवला. “आता उत्तरं लिही.”

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं.

“खरं लिहिलं तर रजा जाईल?”

“या शनिवारची जाईल.”

“तुम्ही मुद्दाम केलंत!”

“थोडंसं,” बाईने कबूल केलं. “पण प्रश्न खरंच चांगले आहेत. मला सुचले नसते.”

भिंगरी चिडली, रडली, आणि नाक पुसत चौदाही उत्तरं खरी लिहून मोकळी झाली. कारण तिचे पाय फार दुखत होते, आणि हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिने फोन लावला. “ताई, मी शनिवारी येत नाही. माझी सगळी शून्यं खोटी होती.”

“मला काय कळत नव्हतं? फोनवर धाप लागायची तुला. बरं, मग आम्हीच येतो. पण हा एकदा मांडीवर झोपला की तासभर हलायचं नाही हं. हललीस तर भोकाड पसरतो.”

तासभर!

“मला भीती वाटते गं.”

“बाळाची?”

“बसायची.”

ताई म्हणाली, “मी असेन ना शेजारी. किती वाजता येऊ?”

“जेवण झाल्या झाल्या ये,” भिंगरी म्हणाली.