लव्हडेबाईंचा चिठ्ठ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्यात आल्याची बिस्किटे होती. ती संपली आणि मी इंग्रजांच्या मुलखातल्या कॉर्नवॉलच्या एका कोळीगावात, लव्हडे ट्रेम्बाथ या निवृत्त शिक्षिकेकडे राहिलो. तेव्हापासून माझ्या पोटात फक्त चिठ्ठ्या.

शहरातल्या शब्दकोशवाल्यांनी बाईंना एकच शब्द नेमून दिला होता: लाइट. लाइट म्हणजे दिवा, लाइट म्हणजे हलके, लाइट म्हणजे पेटवणेसुद्धा. कोण तो कोणत्या अर्थाने वापरतो ते स्वतःच्या कानांनी ऐकायचे, ते वाक्य जसेच्या तसे लिहायचे, खाली बोलणाऱ्याचे नाव घालायचे. बाकीचे बोलणे सोडून द्यायचे. मला मांडीवर घेऊन बाई धक्क्याच्या पायरीवर बसत. "जपून बोला रे, बाई डब्यात घालतील," म्हातारा हिक्स सगळ्यांना बजावायचा आणि मग स्वतःच पाइपसाठी लाइट मागून डब्यात जायचा. मित्रांनो, मला तेव्हा कोण अभिमान वाटे!

एका ऑक्टोबरच्या सकाळी डिगरी नान्सची होडी सुटत होती. त्याची बायको जेनिफर वर धक्क्यावर उभी होती. "जाळी लाइट आहेत आज, लवकर येतो," तो ओरडला. बाईंनी लगेच मान खाली घालून लिहायला घेतले. तो आणखी काहीतरी बोलला. पक्ष्यांच्या कलकलाटात ते जेनिफरपर्यंत पोचलेच नाही. ती नुसता हात हलवत राहिली.

संध्याकाळी वादळ आले. होडीची एक फळीसुद्धा सापडली नाही.

मग जेनिफर दर गुरुवारी दुपारी बाईंकडे यायची, ती चिठ्ठी काढून वाचायची आणि परत ठेवायची. पुढे शहरातून सगळ्या चिठ्ठ्या मागवणारे पत्र आले. बाईंनी तिला नक्कल करून देऊ केली.

"नक्कल त्यांना द्या, बाई," ती म्हणाली. "ही लिहिलीत तेव्हा तो समोर होता."

बाईंनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. नक्कल आणि बाकीच्या चिठ्ठ्या शहरात धाडल्या, ही एकटी चिठ्ठी माझ्यात घातली आणि मला तिच्या हाती दिले. जेनिफरने चिठ्ठीच्या खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवले. "नंतर काय म्हणाला तो?"

"त्यात लाइट शब्द नव्हता गं," बाई म्हणाल्या. "मी लक्षच दिलं नाही."

काही वर्षांनी बाई गेल्या, हिक्सही गेला. मी जेनिफरच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. माझा पत्रा गंजला, पण त्या सकाळी माझे झाकण उघडे होते आणि मी सगळे ऐकले होते. डिगरी म्हणाला होता, "मागच्या दाराला कडी घालू नकोस गं, मी तिकडूनच येईन."

वादळाच्या त्या संध्याकाळी तिने कडी घातली होती. आजही घालते. वारा नसला तरी ते दार कधीकधी हलते. "मेला वारा," असे पुटपुटत ती वरून अडसरही लावते.

मित्रांनो, समोरचा माणूस बोलत असेल तर त्याचे बोलणे संपेपर्यंत मान वर ठेवा. आपल्याला हव्या त्या शब्दापुरते ऐकू नका. मला तोंड नाही, जेनिफरला हे सांगता येत नाही, मी नुसता थरथरतो.

आत्ताही दार हलते आहे. मी झाकण वाजवले. जेनिफर उठली, कडी चाचपून आली आणि फार वाजतो म्हणून माझे झाकण तिने घट्ट दाबून बसवले.