पाच राजेळी

मनालीने पाच राजेळी केळी टेबलावर ओळीने मांडली आणि काकाला हळूच पुढे ढकललं.

धर्माकाका जन्मापासून मुका. सांडोर गावात त्याने उन्हात सुकवलेली सुकेळी सगळ्यांना हवी असायची, पण त्याला कधी कोणी काही विचारत नसे. बोलत नाही म्हणजे डोकंही नसणार, असं लोकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, सगळ्यांदेखत, तेच खोटं पाडायचं म्हणून मनाली पेटली होती.

समोर तिच्या वर्गातल्या सिद्धेशचा लॅपटॉप. त्यातला ‘केळीमित्र’ हा प्रोग्रॅम कॅमेऱ्यातून बघायचा आणि बोलायचा. प्रश्न काकाला आणि केळीमित्राला एकच: आज सोलून सुकवायला यातली कुठली तयार आहेत?

“पाचही फळे एकसारखी पिवळी असून सालीवर हिरवी छटा नाही,” केळीमित्र गोड आवाजात म्हणाला. “त्यामुळे पाचही योग्य आहेत. गोडवा, पोत आणि टिकाऊपणा यांचा विचार करता...”

“ऐकलंस?” सिद्धेश म्हणाला. “तुझा काका एवढं बोलेल?”

“एवढं तर तूपण नाही बोलत.”

काकाने एकेक केळं उचललं. अंगठा देठापासून खाली सरकला, मध्ये थांबला, पुन्हा सरकला. चार त्याने एका बाजूला ठेवली. पाचवं दूर सारलं.

परीक्षक विनिताबाईंनी पाचही चिरली. चारांत सुरी लोण्यातून जावी तशी गेली. पाचव्याच्या कडक गाभ्यात अडली.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण कारण? निम्मे गुण स्पष्टीकरणाला आहेत. केळीमित्राने कारणं दिली.”

“चुकीची दिली, बाई.”

“दिली तर खरी. काकांनी कसं ओळखलं ते तू सांग. एरवी तुला गप्प करायला डस्टर आपटावा लागतो.”

मनालीला स्पष्टीकरणाची चार पानं पाठ होती. तेवढ्यावर तालुक्याच्या प्रदर्शनाला जाता आलं असतं. तिने तोंड उघडलं आणि शेजारी पाहिलं. काका हात मागे बांधून उभा होता, कोणीतरी आपल्याबद्दल बोलेल म्हणून, नेहमीसारखा.

तिने तोंड मिटलं. पानांची घडी करून दप्तरात कोंबली.

“अगं बोल, गुण जातील.”

तिने खांदे उडवले. मग बाजूच्या टोपलीतून दोन पिवळीधमक केळी काढली. एक काकाच्या हातात दिलं, एक बाईंच्या.

काकाने बाईंकडे पाहिलं. आपल्या केळ्यावरून अंगठा देठापासून सावकाश खाली आणला. थांबला. पुन्हा वर नेला.

“मी आपली आणखी काय मदत करू शकतो?” लॅपटॉपने विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. डोळे मिटले आणि अंगठा देठाखाली टेकवला. तो हळूहळू उतरत गेला, आणि मध्येच एका कडक जागी थांबला.